भर दुपारचे नॉक्टर्न

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रोत्यांमध्ये एक वर्ग असा आढळतो की, ज्याला प्रसिद्ध संगीतकार आवडणे काहीसे कमीपणाचे वाटते. बीथोव्हन, मोत्सार्ट आणि शोपँ हे त्याने तारुण्यातच ऐकून संपवलेले असतात, निदान तो तसे सांगतो, आणि उरलेले आयुष्य तो उपेक्षित संगीतकारांच्या शोधाला वाहून घेतो. या शोधाचे काही अलिखित नियम आहेत. संगीतकार इतका अप्रसिद्ध असावा लागतो की त्याचे नाव काढताच समोरच्याच्या भुवया वर जाव्यात, पण इतकाही अप्रसिद्ध असून चालत नाही की त्याचे एकसुद्धा ध्वनिमुद्रण मिळू नये; तो गुणी असावा, मात्र त्याचे गुण समकालीनांना कळलेले नसावेत; तो अल्पायुषी असल्यास उत्तम, क्षयाने गेलेला असल्यास अधिक उत्तम, आणि मागे एखादी अपुरी सिंफनी ठेवून गेला असेल तर मग विचारायलाच नको. एकोणिसाव्या शतकाची पहिली तीन-चार दशके, म्हणजे रचनेच्या रेखीव घाटापेक्षा मनाच्या अवस्थेला अग्रमान देणाऱ्या रोमँटिक संगीताचा आरंभकाळ, अशा शोधकांसाठी अत्यंत सुपीक आहे. बोहेमियाचा यान वाक्लाव व्होर्झिशेक व्हिएन्नामध्ये 1825 साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी क्षयाने वारला. जर्मनीचा नॉर्बर्ट बुर्गम्युलर 1836 मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला आणि जाताना दुसरी सिंफनी अपुरी ठेवून गेला. या दोघांनी मिळून, आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे जणू आधीच ओळखून, सर्व अटी चोख पूर्ण केल्या.

जॉन फील्ड हा आयरिश पियानोवादक व संगीतकार मात्र या कसोटीवर सपशेल नापास होतो. तो उपेक्षित नव्हता. हयातीत त्याचे नाव लंडनपासून मॉस्कोपर्यंत दुमदुमत होते. तो दरिद्री नव्हता; शिकवण्यांतून त्याला भरपूर पैसा मिळे आणि तो पैसा तो तितक्याच भरपूर प्रमाणात शॅम्पेनवर खर्च करी. तो अल्पायुषीही नव्हता, कारण 1782 मध्ये डब्लिनला जन्मून 1837 मध्ये मॉस्कोला देह ठेवीपर्यंत त्याने चौपन्न वर्षांचे आयुष्य उपभोगले, आणि ‘उपभोगले’ हे क्रियापद त्याच्या बाबतीत शब्दशः घ्यावे लागते. अशा सुखवस्तू माणसाविषयी हळहळ तरी कशी वाटावी? तरीही तो आज अप्रसिद्धांच्या यादीत आहे, आणि त्याचे कारण असे की त्याने शोधून काढलेला संगीतप्रकार दुसऱ्या एकाने त्याच्याहून इतका उत्तम हाताळला की मूळ मालकाचे नाव सातबाऱ्यावरून पुसले जाऊन तळटिपेत गेले. हा प्रकार म्हणजे नॉक्टर्न, आणि तो दुसरा माणूस म्हणजे फ्रेदरिक शोपँ. फील्डचा शोध लागणाऱ्या बहुतेकांना तो शोपँवरील पुस्तकाच्या तळाशी, बारीक टायपात लागतो.

नॉक्टर्न म्हणजे रात्रीचे संगीत. अठराव्या शतकात याच अर्थाचे इटालियन नाव धारण करणारी रचना ही अनेक वाद्यांनी मिळून, बहुधा संध्याकाळी व पुष्कळदा उघड्या हवेत, यजमानांच्या मेजवानीला शोभा आणण्यासाठी वाजवायची गोष्ट होती. हायडन आणि मोत्सार्ट यांनी अशा रचना केल्या आणि पाहुण्यांनी त्या ऐकता ऐकता जेवण केले. फील्डने हे नाव उचलून एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या छोट्या, संथ, गाण्यासारख्या तुकड्यांना दिले. मेजवानी गेली, वादकवृंद गेला, पाहुणे गेले. उरला एक माणूस आणि एक पियानो. फील्डचे पहिले तीन नॉक्टर्न 1812 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नेपोलियन सहा लाखांच्या आसपास फौज घेऊन रशियावर चालून आला आणि मॉस्को जळाले, या योगायोगाकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि संगीत ऐकून पाहता फील्डनेही दिलेले दिसत नाही.

हा शांतपणा त्याच्या अंगी कसा आला हे समजण्यासाठी त्याच्या शिक्षणाकडे पाहिले पाहिजे, कारण ते शिक्षण कोणालाही अशांत करण्यास पुरेसे होते. फील्डचे वडील डब्लिनमध्ये व्हायोलिन वाजवीत. 1792 मध्ये मुलाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, आणि पुढल्या वर्षी कुटुंब इंग्लंडला गेल्यावर वडिलांनी शंभर गिनी मोजून त्याला मुत्सिओ क्लेमेंटी याच्याकडे उमेदवारीला ठेवले. गिनी म्हणजे एकवीस शिलिंगांचे नाणे, आणि उमेदवारी म्हणजे गुरूने विद्या द्यावी व त्या बदल्यात शिष्याने ठराविक वर्षे गुरूच्या धंद्यात राबावे असा करार. क्लेमेंटी हा मूळचा रोमचा, थोर पियानोवादक, संगीतकार, प्रकाशक आणि पियानोचा कारखानदार होता. तो स्वतः चौदा वर्षांचा असताना पीटर बेकफर्ड नावाच्या एका इंग्रज जमीनदाराने त्याच्या वडिलांकडून त्याला सात वर्षांसाठी जवळजवळ विकतच घेतले होते आणि आपल्या खेड्यातल्या वाड्यावर नेऊन ठेवले होते. अशा अनुभवातून गेलेला माणूस पुढे शिष्यांशी एक तर अतिशय मायेने वागतो किंवा तो अनुभव धंद्याचे भांडवल म्हणून वापरतो. क्लेमेंटी कुशल व्यापारी होता.

लंडनच्या चीपसाइड भागात क्लेमेंटीचे पियानोचे दुकान होते, आणि तेथे फील्डचे काम गिऱ्हाइकांना वाद्ये वाजवून दाखवण्याचे असे. वरकरणी ही वेठबिगारी वाटते. पण गिऱ्हाइकाला पियानो विकायचा तर त्यावर आदळआपट करून भागत नाही, त्याचा नाद किती गोड आहे, एक स्वर दाबल्यावर तो किती वेळ टिकतो, आणि हलक्या हाताने वाजवले तरी खोलीच्या टोकापर्यंत कसा पोहोचतो, हे पटवून द्यावे लागते. फील्डच्या वादनाची पुढे युरोपभर जी ख्याती झाली ती नेमकी याच गुणांसाठी झाली. रोमँटिक संगीतातील सर्वांत हळव्या प्रकाराची मुळे दुकानदारीत सापडावीत, हे सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांना रुचणारे नाही. परंतु पुरावा त्याच दिशेने जातो.

1802 मध्ये गुरुशिष्य पॅरिस आणि व्हिएन्ना करीत सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. तेथे त्या हिवाळ्यात लुई श्पोर हा तरुण जर्मन व्हायोलिनवादकही आलेला होता. त्याने पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रात या जोडीचे जे वर्णन केले आहे, ते क्लेमेंटीच्या चरित्रकारांना फारसे सोयीचे नाही. श्पोरच्या सांगण्याप्रमाणे फील्ड हा फिकट चेहऱ्याचा, उंच वाढलेला मुलगा होता, त्याला इंग्रजीखेरीज भाषा येत नव्हती, आणि तो मोठा झाला तरी त्याचे कपडे मोठे करण्याचा खर्च कोणी केलेला नव्हता, त्यामुळे पियानोपुढे बसून हात पुढे केले की कोटाच्या बाह्या कोपराकडे पळत. मात्र वादन सुरू होताच बाह्या कोणाच्या लक्षात राहत नसत. एकदा श्पोर भेटायला गेला, तेव्हा युरोपातील सर्वांत नामवंत पियानोशिक्षक आणि त्याचा पट्टशिष्य बाह्या सरसावून घंगाळात पायमोजे धूत होते. क्लेमेंटी ओशाळला तर नाहीच, उलट पीटर्सबर्गमधील धोबी महाग आहेत आणि कपड्यांचीही नासाडी करतात, तेव्हा तुम्हीही असेच करा, असा सल्ला त्याने पाहुण्याला दिला. पियानोवर बोटे हलकी कशी ठेवावीत याविषयी क्लेमेंटीचे ग्रंथ आहेत. पायमोजे कसे पिळावेत याविषयीचे ज्ञान मात्र मौखिक परंपरेनेच राहिले.

1803 च्या उन्हाळ्यात क्लेमेंटी निघून गेला आणि फील्ड रशियातच राहिला. या निर्णयाची कारणमीमांसा अनेकांनी केली आहे, पण काटकसरी गुरूच्या तावडीतून सुटलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला, ज्या शहरातले सरदार शिकवणीचे वाटेल तेवढे पैसे देतात आणि वर जेवूही घालतात ते शहर सोडावेसे का वाटले नाही, हा प्रश्न तितकासा गूढ नाही. पुढली जवळजवळ तीस वर्षे तो पीटर्सबर्ग आणि मॉस्को या दोन शहरांत राहिला, उशिरा उठला, सावकाश शिकवले, त्याहून सावकाश लिहिले आणि भरपूर प्याला. शिकवणी चालू असताना त्याला डुलकी लागे, अशाही कथा आहेत. याच डुलक्यांतून रशियन पियानोवादनाची परंपरा उभी राहिली, ही गोष्ट शिक्षणशास्त्रज्ञांनी विचार करण्याजोगी आहे: रशियन संगीताचा जनक मानला जाणारा मिखाईल ग्लिंका लहानपणी त्याच्याकडे काही धडे घेऊन गेला आणि त्या बोटांच्या स्पर्शाची आठवण त्याने जन्मभर जपली, फील्डचा शिष्य अलेक्सांदर द्युब्युक, त्याचा शिष्य निकोलाय झ्वेरेव, आणि झ्वेरेवचे शिष्य म्हणजे संगीतकार रहमानिनॉव व स्क्रियाबिन. झ्वेरेव अत्यंत कडक शिस्तीचा होता, तेव्हा परंपरेत डुलकी पुढे गेली नाही असे मानण्यास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळणे भाग आहे, कारण फील्डविषयी लिहिणाऱ्यांची एक सवय अशी की ते पायमोजे आणि शॅम्पेन यांतच पाने संपवतात. पियानोची तार हातोडीच्या आघाताने वाजते आणि वाजल्या क्षणापासून तिचा नाद मावळू लागतो; एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, जे गळ्याला आणि व्हायोलिनला सहज जमते, ते या वाद्याला अशक्य आहे. अशा वाद्याला गायला लावायचे तर काहीतरी युक्ती करावी लागते. फील्डच्या आधी डाव्या हाताने साथ करण्याची रूढ रीत अशी होती की स्वरसंघातील, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या जुळणीतील, स्वर सुटे करून ते एकाच मुठीच्या टापूत गरगर फिरवायचे. डोमेनिको अल्बेर्टी या संगीतकाराच्या नावावरून तिला अल्बेर्टी बास म्हणतात आणि तिच्यात शिवणयंत्राचा गुण पुष्कळ असतो. फील्डने हा टापू मोडला. खाली खोल एक खर्जाचा स्वर वाजवायचा, पायाखालची पट्टी दाबून तारांवर बसलेल्या नादरोधक गाद्या उचलून धरायच्या, त्यामुळे तो स्वर घुमत राहतो, आणि तो घुमत असतानाच डावा हात वर सरकवून बाकीचे स्वर सावकाश पसरायचे. ऐकणाऱ्याला वाटते की तीन हात वाजवीत आहेत. मग उजव्या हाताने वरून एक धुन सोडायची, ती इटालियन ऑपेरातील गायिकेच्या थाटाची असते, आणि दुसऱ्यांदा येताना तिला नवे अलंकार चढवायचे. एवढेच. फील्ड हे अलंकारही पुन्हा पुन्हा बदलत असे, त्यामुळे एकाच नॉक्टर्नच्या निरनिराळ्या प्रती निघाल्या आणि संपादकांच्या दोन-तीन पिढ्यांची उपजीविका चालली.

नॉक्टर्नची नेमकी संख्या किती, हा प्रश्नही याच उपजीविकेचा भाग आहे. साधारणतः अठरा धरतात, पण काही आवृत्त्यांत कमी आहेत आणि क्रमांकांचाही मेळ बसेलच असे नाही. त्यांतले कित्येक तुकडे जन्मतः नॉक्टर्न नव्हतेच: एकाचे नाव ‘रोमान्स’ होते, आठवा ‘पास्तोराल’ म्हणजे गुराख्यांच्या धर्तीचे गाणे होता, बारावा तर सातव्या कॉन्चेर्टोच्या, म्हणजे पियानो आणि वादकवृंद यांच्या एकत्र रचनेच्या, पहिल्या भागातून काढून वेगळा छापला गेला. आणि अठरावा, जो ई मेजर या स्वरसप्तकात आहे, त्याचे नाव ‘मिदी’. मिदी म्हणजे मध्यान्ह. मुळात ती पियानो आणि तंतुवाद्ये यांच्यासाठी लिहिलेली एक खेळकर रचना होती, तिला कोणीतरी नॉक्टर्नांच्या रांगेत बसवले, आणि अशा रीतीने पाश्चात्त्य संगीतात भर दुपारचे एक निशासंगीत अस्तित्वात आले. रागाच्या वेळेविषयी अत्यंत काटेकोर असलेल्या, रात्रीच्या मैफलीत कोणी सारंग सुरू केला तर चपला शोधू लागणाऱ्या मराठी रसिकाने या ठिकाणी मन घट्ट करावे. कारण एवढ्यावर हे भागत नाही. शंकेला जागा उरू नये म्हणून रचनेच्या शेवटी एकच स्वर घड्याळाच्या टोल्यांसारखा बारा वेळा वाजतो. मराठी वाचकाने या बाराचा भलता अर्थ काढू नये, कारण ते टोले रचनेतला सर्वांत मोहक भाग आहेत: भोवतीची धुन आपल्याच नादात रेंगाळत असते आणि घड्याळ तिच्याकडे दुर्लक्ष करून आपले काम उरकत असते. संगीतात विनोद करणारे पुष्कळ झाले, परंतु हळू आवाजात विनोद करणारे थोडे.

मोठा आवाज काढण्याचा प्रयत्न फील्डने केलाच नाही असे नाही. त्याच्या पाचव्या कॉन्चेर्टोचे नाव ‘वादळाने लागलेली आग’ अशा अर्थाचे आहे, त्यात गडगडाट आहे आणि घंटाही आहे. मात्र हे वादळ अत्यंत सुसंस्कृत आहे. त्याने कोणाचे छप्पर उडाले असेल असे वाटत नाही, आणि उडाले असल्यास त्याने नंतर येऊन दिलगिरी व्यक्त केली असावी. चौथ्या नॉक्टर्नच्या मधल्या भागात जो क्षोभ आहे तो याहून खरा वाटतो, कारण त्याला नाव दिलेले नाही.

फील्डचे दुर्दैव असे की त्याला सर्वांत जोरदार पाठिंबा देणाऱ्याने त्याचे सर्वांत अधिक नुकसान केले. शोपँचे पहिले तीन नॉक्टर्न 1832 च्या सुमारास छापून आले आणि त्यांतला दुसरा, आज जगातील प्रत्येक पियानोविद्यार्थ्याने निदान एकदा जखमी केलेला, ई फ्लॅट मेजर या सप्तकात होता. फील्डचा पहिला नॉक्टर्नही त्याच सप्तकात आहे, आणि दोन्ही लागोपाठ ऐकल्यास उसनवारी लपत नाही. बर्लिनचे समीक्षक लुडविग रेलश्टाब यांनी 1833 मध्ये ती पकडली आणि फील्डची बाजू घेऊन शोपँला झोडपले. फील्ड जेथे स्मित करतो तेथे शोपँ दात विचकतो, फील्ड जेथे पदार्थात चिमूटभर मसाला घालतो तेथे शोपँ मूठभर तिखट ओततो, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. काळाने निकाल दिला तो मुठीच्या बाजूने, आणि मराठी जिभेला त्यात आश्चर्य वाटू नये. पण रेलश्टाब यांचा एक मुद्दा आजही टिकतो: फील्डच्या पदार्थात काहीतरी घालायचे राहून गेले आहे असे समजणे चूक आहे, त्याला तेवढेच घालायचे होते. खुद्द फील्डचे मत रेलश्टाब यांच्याहून थोडक्यात होते. शोपँची प्रतिभा ही आजाऱ्याच्या खोलीतली प्रतिभा आहे, असे तो म्हणाल्याचे सांगतात. आणि लिस्ट या पियानोवादकाला व्यासपीठावर पियानोशी झुंजताना पाहून, ‘हा चावतो का?’ असे त्याने शेजाऱ्याला विचारल्याची आख्यायिका आहे. शोपँने मात्र मनात राग ठेवला नाही, तो आपल्या शिष्यांकडून फील्डचे कॉन्चेर्टो आणि नॉक्टर्न नेमाने बसवून घेत असे.

उपेक्षेची व्याख्या येथे पुन्हा तपासावी लागते. फील्डच्या सातव्या कॉन्चेर्टोचे परीक्षण लिहिताना संगीतकार रोबर्ट शूमान याने, या रचनेविषयी अपार स्तुतीखेरीज काही शहाणपणाचे बोलणे आपल्याला जमत नाही, असे सरळ कबूल करून टाकले. परीक्षकाने इतके प्रामाणिक असणे व्यवसायाच्या दृष्टीने धोक्याचे असते. 1859 मध्ये लिस्टने, चावण्याच्या प्रश्नाची त्याला कल्पना असो वा नसो, फील्डच्या नॉक्टर्नांची आवृत्ती संपादित करून तिला प्रस्तावना जोडली. तिच्यात त्याने फील्डच्या साधेपणाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, आणि ती करताना स्वतःच्या वाक्यांना इतके झुबके, गोंडे व झालरी लावल्या आहेत की साधेपणाचे नेमके कोणते रूप त्याला अभिप्रेत होते, हे कळण्यासाठी संगीताकडेच जावे लागते. त्यानंतर टॉल्स्टॉय आहे. ‘बालपण’ या त्याच्या पहिल्या पुस्तकात आई पियानोवर फील्डचा दुसरा कॉन्चेर्टो वाजवते. ‘युद्ध आणि शांती’मध्ये वृद्ध काउंटेस रोस्तोव्ह हार्पवादकाला फील्डचा आपला आवडता नॉक्टर्न वाजवायला सांगते. हा प्रसंग नेपोलियनच्या स्वारीपूर्वीचा आहे, म्हणजे पहिले नॉक्टर्न छापले जाण्याच्याही थोडा आधीचा, आणि वाद्यही पियानो नसून हार्प आहे. परंतु एवढ्या प्रचंड कादंबरीत एवढी गफलत खपून जाते, आणि रशियन सरदारांच्या दिवाणखान्यात फील्ड किती मुरला होता याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही. सारांश, शूमान, लिस्ट आणि टॉल्स्टॉय यांनी नावाजलेल्या माणसाला ‘कोणालाच ठाऊक नसलेला’ म्हणून मित्रमंडळींसमोर सादर करणे हे शोधकाच्या आत्मविश्वासाचेच काम आहे.

शेवटची वर्षे हलाखीची गेली, आणि तेथे विनोदाला वाव थोडा आहे. 1831 मध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्रस्त होऊन फील्ड उपचारांसाठी लंडनला गेला, तेथे 1832 च्या मार्चमध्ये वारलेल्या क्लेमेंटीच्या अंत्ययात्रेत तो सामील झाला, म्हणजे पायमोज्यांचा हिशेब त्याने मनात ठेवला नव्हता. पुढे पॅरिसपासून इटलीपर्यंत कार्यक्रम करीत तो फिरला, नेपल्सच्या रुग्णालयात कित्येक महिने पडून राहिला, एका रशियन सरदार कुटुंबाने त्याला तेथून सोडवून परत नेले, आणि वाटेत व्हिएन्नाला पियानोशिक्षक चेर्नीच्या घरी उतरून त्याने पुन्हा श्रोत्यांना जिंकले. जानेवारी 1837 मध्ये तो मॉस्कोत मरणासन्न असताना धर्मगुरूने त्याचा पंथ विचारला, तुम्ही कॅल्व्हिनिस्ट आहात काय, तेव्हा त्याने फ्रेंचमध्ये यमक जुळवून ‘नाही, क्लाव्हसिनिस्ट’, म्हणजे हार्पसिकॉर्डवादक, असे उत्तर दिले, ही कथा बहुतेक चरित्रांत येते. ती खरी नसावी असे मानण्यास एक सबळ कारण आहे: फील्डची सारी कीर्ती पियानोवर उभी होती, आणि क्लेमेंटीच्या दुकानात वाढलेल्या मुलाने अखेरच्या क्षणीसुद्धा प्रतिस्पर्धी वाद्याची जाहिरात केली असेल, हे संभवत नाही.

प्रश्न उरतो तो मूल्याचा. फील्ड शोपँच्या तोडीचा आहे, असे शोधक म्हणतो ते खरे नाही. शोपँच्या नॉक्टर्नमध्ये जे घडते, म्हणजे मध्येच जमीन सरकणे, परतताना ओळखीची धुन ओळखू न येणे, ते फील्डमध्ये घडत नाही. परंतु फील्ड म्हणजे शोपँचा कच्चा खर्डा, असे प्राध्यापक म्हणतात तेही खरे नाही. कच्च्या खर्ड्यात खाडाखोड असते, हात चाचपडत असतो. फील्डचे चांगले तुकडे पुरते धुतलेले, वाळलेले आणि इस्त्री केलेले आहेत. त्यांना श्रोत्याकडून अश्रूंची अपेक्षा नाही, चरित्र वाचण्याची सक्ती नाही, आणि वादकाने डोळे मिटून छताकडे मान करावी असेही त्यांचे म्हणणे नाही. फील्ड स्वतः वाजवताना बोटांखेरीज काही हलवीत नसे. ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या बोटांच्या आजच्या जमान्यात ही मागणी न करणारी वृत्ती दुर्बलता वाटते, आणि म्हणूनच मोठे वादक मैफलीत त्याच्या वाटेला क्वचित जातात. ध्वनिमुद्रणांची स्थिती बरी आहे: आयर्लंडच्या जॉन ओ’कॉनर आणि मीहाल ओ’रूर्क यांनी तो आस्थेने वाजवला आहे, आणि 2025 मध्ये आलिस सारा ओट हिने सर्व नॉक्टर्न ध्वनिमुद्रित केल्याने शोधकांच्या गोटात बरीच नाराजी पसरली असणार, कारण आता तो कोणालाही सापडू शकतो.

मुंबई, पुणे आणि गोवा येथे लंडनच्या संस्थांच्या पियानोपरीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती की, शोपँचा तो ई फ्लॅट नॉक्टर्न मुलांच्या हाती देण्यापूर्वी वर्षभर फील्डचा पाचवा, बी फ्लॅट मेजरमधला, द्यावा. तो साधारण तीन मिनिटांचा आहे, मध्यम तयारीच्या हातांना झेपतो, डावा हात पसरायला आणि पाय वेळेवर उचलायला शिकवतो, आणि शेजाऱ्यांनी शंभर वेळा ऐकला तरी सोसायटीत तक्रार येईल अशी त्याची रचना नाही. ज्यांना वाजवायचे नाही त्यांच्यासाठी अठराही नॉक्टर्न एका सीडीत मावतात. सुरुवात पाचव्यापासूनच करावी, पहिला नंतर ऐकावा, आणि वादळाचा कॉन्चेर्टो नाही ऐकला तरी चालेल.